अंबादेवीच्या पायरीवरच्या दोन गोष्टी

हेडफोन लावले? मग चला, आज अमरावतीला.

नवरात्रात गांधी चौकातून अंबादेवीकडे जायचं असेल तर गाडी विसरा. अंबादेवी आणि तिच्या शेजारी एकवीरा, दोन्हीकडे रांगा, नारळ-ओटीची दुकानं. दसऱ्याला दोघींच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात. लहानपणी या रांगेत उभं राहून पाय दुखले की माझी आजी एकच गोष्ट सांगायची, "याच देवळातून किस्नानं रुक्मिनीले नेलं वं!"

ही गोष्ट अख्ख्या वऱ्हाडाला पाठ आहे. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, माहेर कौंडिण्यपूर. म्हणजे आपल्या तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीकाठचं गाव. आजही आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. भाऊ रुक्मीनं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिला कृष्ण हवा होता. मग तिनं एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. भागवताच्या दहाव्या स्कंधात तो निरोप सात श्लोकांचा आहे. त्यात ती नुसतं 'या, मला घेऊन जा' म्हणून थांबत नाही, चक्क प्लॅन देते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नवरीला गावाबाहेर जावं लागतं, तिथून न्या म्हणजे रक्तपात टळेल! घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडायला ती घरचीच रीत वापरते. हुशार पोरगी.

आता एक अडचण. भागवतात रुक्मिणी देवळात पायी जाते. कौंडिण्यपूर ते अमरावती पडतं सुमारे ४० किलोमीटर! पण लोकांनी यावरही उपाय काढला आहे. तिथून इथवर भुयार होतं म्हणतात. मी काही ते शोधायला जाणार नाही. माणसांना आपल्या गावच्या देवीजवळ रुक्मिणी हवी होती, एवढं मला पुरे.

दुसरी गोष्ट मात्र आजीनं कधीच सांगितली नाही. ती मला कॉलेजात कळली, आणि तिला भुयार लागत नाही, तारीख आहे.

१९२७ साल. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. इकडे अमरावतीत प्रश्न उभा राहिला, की अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांनी का जायचं नाही? अर्ज-विनंत्या झाल्या, दार काही उघडलं नाही. मग सत्याग्रह ठरला. यात पुढे होते डॉ. पंजाबराव देशमुख, नुकतेच विलायतेहून परतलेले. गंमत बघा, ऑक्सफर्डमधला त्यांचा प्रबंधच वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर होता. म्हणजे 'तुम्हाला शास्त्र काय कळतं?' असं म्हणून या माणसाला गप्प करायची सोय नव्हती.

१३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच मुंबईहून तार आली, त्यांचे थोरले भाऊ बळराम वारले होते. सभेनं दुखवट्याचा ठराव केला आणि बाबासाहेबांनी काम पुढे नेलं. देवस्थानाच्या बाजूनं दादासाहेब खापर्डे यांनी मुदत मागितली होती. हे तेच खापर्डे, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. स्वराज्यासाठी झिजलेला माणूस देवळाच्या दाराशी 'थोडं थांबा' म्हणतो, हे मला आजही पचत नाही. तरी सत्याग्रह तीन महिने पुढे ढकलला गेला. सवलत मागणाऱ्यांनी नव्हे, हक्क मागणाऱ्यांनी दिलेली ही मुदत होती, हे विसरू नका. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९५० मध्ये संविधान लागू झालं आणि त्याच्या कलम १७ नं अस्पृश्यताच रद्द केली.

मी हे सगळं आजीला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "हे कोनं सांगतलंच नाही आमाले." मग जरा वेळानं, "अन् ते लोकं नमस्कार कोठून करत असतीन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा मामेबहिणीच्या पोरीला घेऊन रांगेत उभी होते. तिनं विचारलं, "मावशी, अजून किती वेळ?" बराच होता. रुक्मिणीपासून सुरुवात केली, आणि इंद्रभुवनपर्यंत आलो तरी दार लांबच होतं.