नाशिकच्या हिऱ्याचं आता काय उरलंय?

दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा एक ब्रोच तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. त्यात दोनच हिरे, 94.4 आणि 63.6 कॅरटचे. 1905 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या कलिनन हिऱ्यातून ते कापले. राजघराण्यात त्यांना लाडाने 'आजीच्या कपच्या' म्हणायचे! आपल्याकडे ब्रोचचं काम शिरपेच करायचा, तोही पुरुषांच्या पगडीवर.

या तोलाचा एक हिरा महाराष्ट्रातही होता. सर्च करायचा तर मात्र 'नासक' म्हणून करावा लागतो. नासक म्हणजे आपलं नाशिक. इंग्रजांनी जसं ऐकलं तसं लिहिलं. हिरा होता त्र्यंबकेश्वराच्या देवळात. तिथून तो दुसऱ्या बाजीरावाकडे आला आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला.

कंपनीने तो लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांना विकला. तेव्हा वजन होतं साधारण 90 कॅरट. आपले कारागीर पैलू पाडताना वजन राखायचे. चमक थोडी कमी असली तरी चालेल, दगड मोठा राहिला पाहिजे. युरोपला हवी होती चमक. त्यांनी तो पुन्हा घासला, त्यात दहाएक कॅरट गेले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो तलवारीच्या मुठीत बसवला. 1940 मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो घेऊन असा कापला की उरले फक्त 43.38 कॅरट. मूळचा त्रिकोणी आकारही गेला. मग तो एका श्रीमंत बाईंच्या अंगठीत गेला, आणि 1970 च्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात ट्रक कंपनीच्या एका अधिकाऱ्याने 5 लाख डॉलरला घेतला.

अशा पोस्टखाली 'परत आणा' लिहिणारे खूप. मलाही तसंच वाटतं. पण परत आणायचं म्हणजे नेमकं काय? निम्म्याहून जास्त हिरा आता भुकटी झालाय. आणि आणलाच, तर द्यायचा कुणाला? देवाचा हिरा पेशव्याकडे कसा गेला, हे तर कुणी विचारतही नाही.

मी मीरा रोडला राहते. भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, मग वसई. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्याच मोहिमेत आमच्या भाईंदरच्या धारावी किल्ल्यासाठीही झुंज झाली. विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा हत्तीवरून मिरवत नेल्या, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यातली एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. नाशिककर तिला आपलीच मानतात.

फरक एवढाच, की ती घंटा कुणी वितळवली नाही. तिच्यावर कोरलेलं 1721 साल अजून वाचता येतं. उद्या वसईच्या चर्चमधून कुणी ती मागायला आलं, तर त्यांना निदान ओळख तरी पटेल.