ओढा-पुनरुज्जीवन, शहरी

वस्तीतून वाहणाऱ्या ओढ्याला त्याचे पात्र, काठ, पूरमैदान आणि स्वच्छ पाणी परत मिळवून देण्याचे काम. गाळ उपसून काठाला भिंत बांधली आणि दिवे लावले की तेही या नावावर खपवले जाते. ते सुशोभीकरण झाले. भिंतीने तर पात्र अरुंद होते आणि पुराचा जोर वाढतो.

थळ घाटाच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. खालचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही. त्यामुळे जुलैत दुथडी भरून वाहणारा ओढा मार्चमध्ये डोहांपुरता उरतो. घाटमाथ्यावरच्या ओढ्याचा हा स्वभावच आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. बिघाड होतो तो उन्हाळ्यात त्यातून फक्त सांडपाणी वाहू लागले की. म्हणून अशा गावात सांडपाणी वेगळे काढणे हे पहिले काम आणि डोह राखणे हे दुसरे.

मासे उन्हाळा डोहात काढतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघतात. रस्त्याखालच्या मोरीचा नळ पात्रापेक्षा हातभर उंच बसवलेला असेल, तर ते त्या धारेखाली उड्या मारत राहतात आणि अलगद पकडले जातात. नळ पात्राच्या तळाखाली बसवला आणि त्यात गोटे-वाळू साचू दिली, तर वाट मोकळी होते. खर्च थोडा, फायदा मोठा. तरी आराखड्यात ही बाब क्वचित दिसते. काठ धरून ठेवायला उंबर, करंज, जांभूळ आणि वाळुंज यांची मुळे लागतात. पक्षी दिसले म्हणजे ओढा सुधारला असेही नाही: शेकाट्या सांडपाण्यातही सुखाने चरतो. मासेखाऊ खंड्याला मात्र पाण्यात मासा दिसावा लागतो.

इगतपुरी तालुक्यात उगम पावणारी दारणा ज्या गोदावरीला मिळते, तिचे नाशिकमधील उदाहरण तळ बुजवण्याबाबत बोलके आहे. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्यापूर्वी रामकुंड परिसरात पात्राच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. जुनी कुंडे आणि त्यांतले जिवंत झरे त्याखाली गेले. २०१६च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि ते टँकरने भरावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले यावरून नाशिककर पूर मोजतात. त्या पुरात मूर्ती बुडाली होती. पुढे नागरिकांच्या पाठपुराव्यातून काही कुंडांतले काँक्रीट फोडण्यात आले.

पुराचा धोका कमी करायचा तर पाण्याला पसरायला जागा हवी. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. लहान ओढ्यांवर या रेषा बहुधा आखलेल्याच नसतात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने किती माणसे नेली, हे पाहता ही उणीव गंभीर आहे.

पुनरुज्जीवनात लोकांचा वावरही आला. दक्षिण कोरियातील सोल शहराने उड्डाणमार्ग पाडून २००५मध्ये छंग्येछन ओढा लोकांसाठी खुला केला, पण त्यात पाणी पंपाने सोडावे लागते. आपल्याकडे मात्र ओढ्यावर माणसे आधीपासूनच येत असतात: धुणे घेऊन बायका, गुरे घेऊन गुराखी, पोहायला मुले. फरसबंद मार्ग आखण्याआधी त्यांच्या पायऱ्या, धुण्याचे दगड आणि गुरांचा उतार नकाशावर यायला हवा.