अतिथी वाय-फाय विपणन

अतिथी वाय-फाय विपणन म्हणजे उपाहारगृह, लॉज, केशकर्तनालय, दवाखाना अशा ठिकाणी येणाऱ्या ग्राहकांना विनामूल्य इंटरनेट जोडणी देऊन त्या बदल्यात त्यांचा संपर्क क्रमांक, त्यांचे लक्ष किंवा त्यांचा वेळ मिळवण्याची व्यवसायपद्धती होय. ही सेवा विनामूल्य म्हणवली जात असली, तरी ग्राहक तिचे मोल बहुधा आपल्या मोबाइल क्रमांकाने चुकवतो. भारतात हा क्रमांक मागण्याची प्रथा व्यापाऱ्यांनी नव्हे, तर सुरक्षाविषयक नियमांनी रुजवली. त्या नियमांमागची प्रमुख घटना महाराष्ट्रात घडली.

कार्यपद्धती

ग्राहकाने दुकानातील वाय-फाय निवडल्यावर त्याच्या मोबाइलवर एक प्रवेशपृष्ठ उघडते. तेथे क्रमांक नोंदवला की एसएमएसद्वारे ओटीपी येतो आणि तो भरल्यावर ठराविक काळापुरती जोडणी मिळते. प्रवेशपृष्ठावर दुकानाचे नाव, त्या दिवशीची सवलत किंवा अभिप्रायाचा दुवा दाखवता येतो. जोडणीची वेळ, कालावधी आणि उपकरणाचा क्रमांक यांची नोंद यंत्रणेत राहते व त्यावरून गर्दीच्या वेळांचा अंदाज बांधता येतो. तोच ग्राहक पुन्हा आला का, हे ओळखणे मात्र पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांपासून मोबाइल संच आपला खरा उपकरण क्रमांक लपवून निरनिराळ्या जाळ्यांना निरनिराळा क्रमांक दाखवतात.

अतिथींचे जाळे दुकानाच्या स्वतःच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे आवश्यक असते. बिलाचा संगणक आणि सीसीटीव्ही त्याच जाळ्यावर असल्यास चहा प्यायला आलेला कोणीही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो.

इतिहास

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या वाय-फाय जोडणीवरून पाठवण्यात आल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्या घरातील रहिवाशाचा या प्रकाराशी संबंध नव्हता; त्याच्या जोडणीचा गैरवापर झाला होता. त्याच वर्षी पुढील ई-मेलसाठी माटुंग्यातील एका महाविद्यालयाची आणि चेंबूरमधील एका कंपनीची जोडणी अशीच वापरली गेली.

यानंतर दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ रोजी वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी जोडणी देताना वापरकर्त्याच्या छायाचित्रयुक्त ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा त्याच्या मोबाइलवर एसएमएसने प्रवेशसंकेत पाठवावा, आणि ही नोंद एक वर्ष जपावी, असे त्यांत होते. ओळखपत्राच्या प्रती सांभाळण्यापेक्षा एसएमएसचा मार्ग सोयीचा असल्याने तोच सर्वत्र रूढ झाला. परिणामी तपासासाठी जपायची यादी आणि सणासुदीला संदेश पाठवायची यादी व्यवहारात एकच होऊन बसली. या पद्धतीवरील आजच्या बहुतेक आक्षेपांचे मूळ या सरमिसळीत आहे.

मोठ्या प्रमाणावरील विनामूल्य वाय-फायचा प्रयोग जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात सुरू झाला. गूगल आणि रेलटेल यांच्या या उपक्रमात पुढे ४०० हून अधिक स्थानके आली. जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाने मुंबईत ५०० ठिकाणी ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ सुरू केले. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने आपला उपक्रम आवरता घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा स्वस्त झालेला मोबाइल डेटा हे त्याचे एक कारण सांगितले. स्थानकांवरील सेवा रेलटेलने ‘रेलवायर’ या नावाने चालू ठेवली.

कायदेशीर चौकट

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना सूचना दिली, की बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट हेतूपुरती व स्पष्ट असावी लागते, आणि ती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे लागते. म्हणजेच जोडणीसाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरायचा असल्यास वेगळी संमती हवी. प्रवेशपृष्ठावरील आधीच खूण केलेला चौकोन पुरेसा ठरत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यास अधिनियमात मनाई आहे. महाविद्यालयांजवळच्या उपाहारगृहांना ही तरतूद विशेष लागू पडते, कारण अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या वयोगटात येतात.

व्यावसायिक एसएमएस पाठवण्यासाठी ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे दूरसंचार कंपन्यांकडे नोंदणी करावी लागते. गल्ल्यावरच्या मोबाइलवरून शेकडो ग्राहकांना एकगठ्ठा संदेश धाडणे या विनियमांत बसत नाही.

लहान गावांतील उपयोग

स्वस्त डेटामुळे केवळ इंटरनेटसाठी ग्राहक दुकानात येईल, ही अपेक्षा आता फारशी धरता येत नाही. सेवेची उपयुक्तता गिऱ्हाइकाच्या स्वरूपावर ठरते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे आणि तेथील भुईकोट किल्ल्यामुळे ओळखले जाते. किल्ला पाहायला आलेला प्रवासी त्याच उपाहारगृहात पुन्हा येण्याची शक्यता कमी असते. त्याचा क्रमांक साठवून दुकानदाराच्या हाती विशेष काही लागत नाही. त्याच्यासाठी प्रवेशपृष्ठावर किल्ल्याची माहिती, जेवणाचे दर आणि ऑनलाइन नकाशावर अभिप्राय नोंदवण्याचा दुवा असणे अधिक कामाचे. याउलट खते, बियाणे किंवा कापडाच्या दुकानात तीच कुटुंबे वर्षानुवर्षे येतात. तेथे संमतीने केलेली यादी उपयोगी पडू शकते, पण अशा गिऱ्हाइकाला दुकानदार बहुधा नावानेच ओळखत असतो.

दुसरा पर्याय ‘पीएम-वाणी’ योजनेचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ९ डिसेंबर २०२० रोजी मंजुरी दिली. पूर्वीच्या पीसीओच्या धर्तीवर किराणा दुकानदार, टपरीवाला किंवा कोणीही ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ चालवू शकतो. त्यासाठी परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. वापरकर्त्याची ओळख ॲपद्वारे पटवली जाते आणि हिशेब एकत्रक संस्था ठेवते. त्यामुळे दुकानदाराला क्रमांकांची वही बाळगावी लागत नाही. त्याचे उत्पन्न डेटाच्या विक्रीतून येते. सेवापुरवठादारांनी या दुकानदारांकडून महागड्या लीज्ड लाइनचा आग्रह धरणे ही योजनेच्या प्रसारातील मोठी अडचण ठरली. जून २०२५ मध्ये ‘ट्राय’ने त्यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी सार्वजनिक डेटा कार्यालयाला घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारणी करता येत नाही.