गाठीतल्या पांढऱ्या पेशी

मध्यंतरी आमच्या अदलियातल्या घरी एक परिचित ताई स्तनाच्या कर्करोगाचा बायॉप्सी रिपोर्ट घेऊन आल्या. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मी उभे आयुष्य काढले, म्हणून माझ्याकडे. "गाठीत लिंफोसाइट्स भरपूर, असे लिहिलेय. म्हणजे रोग रक्तातही गेला का हो?" त्यांचा चेहरा पाहून आधी चहा टाकला, आणि मग ही जुनी हकीकत सांगितली.

लिंफोसाइट म्हणजे आपल्याच शरीराच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मनीच्या रुडॉल्फ विर्खो यांनी १८६३ मध्येच पाहिले होते. त्यांना वाटले, जुनाट दाहातूनच कर्करोग उद्भवतो. म्हणजे पहारेकऱ्यावरच आळ! पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मूर आणि फूट यांनी स्तनाच्या 'मेड्युलरी' गाठींचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी भयंकर दिसतात, लिंफोसाइट्सनी गच्च भरलेल्या असतात. तरी त्या स्त्रिया तुलनेने अधिक जगत होत्या.

त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांना डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली केलेल्या कामावर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे बाल्टिमोरला शिकून त्या परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी काचेत वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हा त्यांचा ध्यास. (१९८२ चे पद्मभूषण त्यांचे, आपल्या मुलींना हे नाव माहीत असते का?) पण काचेत कर्करोगाच्या पेशी एकट्याच वाढतात, भोवतीचा पहारा तिथे नसतो. त्यामुळे नुसत्या त्या तंत्राने हे कोडे सुटणारे नव्हते.

खरी मेख निराळीच होती. पेशी हजर असतात, पण काम करतीलच असे नाही. कर्करोग त्यांचा ब्रेक दाबून ठेवतो. हे ब्रेक ओळखणाऱ्या ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात, धोका जास्त असलेल्या सुरुवातीच्या रोगासाठी, ब्रेक सोडवणाऱ्या पेंब्रोलिझुमॅबला केमोथेरपीच्या जोडीने अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पांढऱ्या पेशी टक्क्यांत मोजायची एकसारखी पद्धतही २०१४ मध्ये ठरली. या प्रकारात टक्का जास्त तर सहसा चांगले. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींत मात्र हिशेब इतका सरळ नाही.

ताईंची गाठ ट्रिपल निगेटिव्ह. 'भरपूर' म्हणजे किती टक्के, एवढा प्रश्न मी रिपोर्टच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून दिला. गुरुवारी त्या डॉक्टरांना विचारणार आहेत.