मुंबईच्या समुद्राखालील भिंती

भूगर्भांतील तेल म्हटलें कीं, खडकाखालीं दडलेलें एखादें काळें सरोवर पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. वास्तविक तेल असतें तें दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत. आणि तो दगडहि सर्वत्र सलग नसतो. 'मुंबई हाय' या तेलक्षेत्राच्या इतिहासावरून हें चांगलें कळून येतें.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालीं एक विस्तीर्ण उंचवटा आहे. रशियन व भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६४ ते १९६७ या काळांत केलेल्या पाहणींत त्याचा शोध लागला. पुढें १९७३ च्या अखेरीस जगांत तेलाचे भाव भराभर चढून जवळजवळ चौपट झाले व परदेशी तेलावर विसंबणाऱ्या भारताची मोठी ओढाताण झाली. अशा वेळीं, फेब्रुवारी १९७४ मध्यें, समुद्रांत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या 'सागर सम्राट'नें येथें तेल काढलें. मे १९७६ मध्यें उत्पादन सुरू झालें.

हें तेल मुख्यतः मायोसीन युगांतील चुनखडकांत आहे. त्या काळच्या उथळ समुद्रांत चुन्याचे थर बसत गेले. मधूनमधून गाळ आला, कीं त्यांवर चिकणमातीचें पातळ अस्तर चढे. तीच माती दडपून शेल नांवाचा खडक झाला. त्यांतून तेल सहसा पार होत नाहीं. जुन्या वाड्याला मजले व दालनें असावींत, तसे या क्षेत्राचे भाग पडले. उत्तर व दक्षिण भागांमध्येंहि शेलचा एक पट्टा पूर्वपश्चिम आडवा पसरलेला आहे.

या भिंती डोळ्यांस दिसत नाहींत. त्या ओळखण्याची एक युक्ति फार पूर्वीं, १९२७ सालीं, फ्रान्समध्यें पेशेलब्रॉन येथें श्लंबर्जे बंधूंच्या मंडळीनें योजिली होती. विहिरींत तार सोडून खडक विजेच्या प्रवाहास किती विरोध करतो, हें त्यांनीं मोजलें. तेलानें भरलेला दगड अधिक विरोध करतो, शेल कमी. अनेक विहिरींचे असे आलेख शेजारीं ठेवले, कीं एकच थर कोठवर गेला आहे, हें ताडतां येतें. मात्र दोन विहिरींच्या मध्यें तो तुटला आहे काय, हें आलेख सांगत नाहीं. त्यासाठीं दाबाच्या चांचण्या व कृत्रिम कंपलहरींची पाहणी यांचा आधार घ्यावा लागतो.

हें ज्ञान किती मोलाचें, तें पुढें कळलें. तेल पुढें ढकलण्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत खडकांत पाणी दाबून भरण्यास आरंभ झाला. परंतु पाणी सोप्या वाटेनें जातें. सच्छिद्र थरांतून तें विहिरीपर्यंत झपाट्यानें पोंचे आणि शेलपलीकडच्या थरांतील तेल जागच्या जागीं राही. १९८९ च्या सुमारास उत्पादन शिखरास पोंचून मग उतरूं लागलें. तेव्हां २००० सालानंतरच्या पुनर्विकासांत थरांचे नकाशे पुन्हा तपासून, मागें राहिलेल्या तेलाकडे नव्या आडव्या व तिरक्या विहिरी नेण्यांत आल्या.

तेल सांपडणें हें अर्धेंच काम होय. तें कोणत्या दालनांत आहे व भिंत कोठें आहे, हें कळल्यावांचून त्याचा मोठा भाग कायमचा खडकांतच राहतो.