विमान रद्द झालं तर प्रवाशाला काय मिळतं? नुकसानभरपाईचे नियम आणि तिकिटावरचा मोबाइल नंबर

विमान रद्द झालं, कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले, विषय संपला, असं आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात. पण तिकिटाचे पैसे मुळात आपलेच असतात. ते परत मिळणं म्हणजे रिफंड. विमान वेळेवर न कळवता रद्द केलं तर त्याशिवाय वेगळी रक्कम द्यावी लागते, तिला नुकसानभरपाई म्हणतात. काउंटरवरचा माणूस या दोन गोष्टी एकत्रच बोलतो आणि आपण रिफंड घेऊन घरी येतो.

भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवतं. प्रवाशाला बोर्डिंग नाकारणं, विमान रद्द होणं आणि उशीर होणं या तिन्हींसाठी मिळून एक नियमावली आहे. ती 2010 मध्ये आली आणि नंतर वेळोवेळी बदलली. भारतीय कंपन्यांच्या देशांतर्गत आणि परदेशी अशा दोन्ही उड्डाणांना ती लागू आहे.

कळवलं कधी, यावर सगळं अवलंबून

विमान रद्द करायचं असेल तर कंपनीने प्रवाशाला किमान दोन आठवडे आधी कळवावं आणि दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड यांपैकी प्रवाशाला जे मान्य असेल ते द्यावं. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान द्यावं, नाहीतर रिफंड. इथपर्यंत नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही.

याप्रमाणे कळवलंच नाही, तर मात्र रिफंड किंवा दुसरं विमान हे तर द्यायचंच, वर नुकसानभरपाईही द्यायची. ती ब्लॉक टाइमवर ठरते. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा ठरलेला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तो एक तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तास असेल तर 7,500, आणि दोन तासांच्या वर 10,000. मुंबई-जेद्दाह, मुंबई-दुबई, मुंबई-मस्कत ही सगळी उड्डाणं शेवटच्या गटात येतात.

या आकड्यांना एक शेपूट आहे. वरची रक्कम किंवा तिकिटाचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल तेच मिळतं. समजा दीड तासाच्या उड्डाणाचं तिकीट 5,600 रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं 4,000, इंधन शुल्क 500 आणि बाकी कर, विमानतळाचे आकार वगैरे. मग भरपाई 7,500 नव्हे, तर 4,500 रुपये मिळेल. म्हणून तिकिटाची फोड दाखवणारं पान जपून ठेवा. एजंट बऱ्याचदा फक्त एकूण रक्कम लिहिलेला कागद देतो, त्यावरून हा हिशोब होत नाही.

विमानतळावर येऊन थांबलेल्या प्रवाशाला दुसऱ्या विमानाची वाट पाहताना खाणंपिणं द्यायचं, हेही नियमात आहे. हे मागायला लाजू नका, विशेषतः सोबत लहान मुलं किंवा साखरेचा आजार असलेलं माणूस असेल तर.

आपलं नुकसान कुठे होतं

त्याच नियमावलीत एक छोटंसं कलम आहे. बुकिंगच्या वेळी ज्या प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नाही, त्याला नुकसानभरपाई मिळणार नाही. वाचायला साधं वाटतं. पण आपल्या घरांमधली तिकिटं कशी निघतात ते आठवा. उमराहचा ग्रुप असेल तर तीस-चाळीस जणांची तिकिटं एजंट एकत्र काढतो. आखातात नोकरीला जाणाऱ्या मुलाचं तिकीट भरती करणारं ऑफिस काढतं. दोन्हीकडे बुकिंगमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल एजंटचाच असतो. कंपनीचा संदेश एजंटला जातो. कंपनीच्या कागदावर 'प्रवाशाला कळवलं' अशी नोंद होते आणि प्रवासी मात्र बॅगा बांधून विमानतळावर उभा असतो.

आमच्याच घरात हे घडलं. घरातली चार मोठी माणसं उमराहला निघाली होती. गावाहून गाडी करून रात्रभराचा प्रवास, अब्बांनी एहरामच्या चादरी हातातल्या पिशवीत वर ठेवलेल्या, आणि काउंटरवर कळलं की विमान दोन दिवस पुढे गेलंय. मेसेज तीन दिवस आधीच एजंटच्या नंबरवर आला होता. त्याच्याकडे एका हंगामात शेकडो माणसांचे मेसेज येतात, हा राहून गेला. विमान कंपनी म्हणाली आम्ही कळवलं, एजंट म्हणाला कंपनीने फोन करायला हवा होता. गाडीभाडं, मुंबईतल्या दोन रात्री, मक्क्यातल्या हॉटेलची वाया गेलेली रात्र, सगळं आमच्या खिशातून गेलं. हे कलम मला माहीत असतं तर तिकीट हातात आलं त्याच दिवशी नंबर बदलून घेतला असता.

नंबर बदलणं अवघड नसतं. एजंटकडून पीएनआर मागून घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर पीएनआर आणि आडनाव टाकलं की बुकिंग उघडतं, तिथे संपर्काच्या रकान्यात आपला नंबर आणि ईमेल घालता येतो. ग्रुप तिकिटाला काही वेळा हे चालत नाही, मग एजंटला लेखी सांगा, व्हॉट्सअॅपवर चालेल, की कंपनीकडे प्रत्येक कुटुंबाचा एक नंबर द्यावा. तो मेसेज पुरावा म्हणून राहतो. एजंट "काय गरज आहे, मी आहे ना" म्हणेल. म्हणू द्या.

दुसरं नुकसान वेगवेगळ्या तिकिटांमुळे होतं. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून रियाध हा प्रवास एकाच तिकीट नंबरवर असेल आणि पहिलं विमान रद्द झाल्यामुळे दुसरं चुकलं, तर त्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटं घेतली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढंच. हजार-दीड हजार वाचवण्यासाठी तिकिटं तोडून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. नोकरीवर हजर व्हायची तारीख ठरलेली असताना ही बचत महागात पडते.

'आमच्या हातात नव्हतं'

काही कारणांसाठी कंपनी नुकसानभरपाईतून सुटते. दंगल, युद्ध, पूर, नैसर्गिक आपत्ती, सरकारी आदेश, संप, खराब हवामान, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, थोडक्यात जे कंपनीच्या आवाक्याबाहेर आहे ते. 23 जून 2025 च्या रात्री कतारने आपली हवाई हद्द काही तासांसाठी बंद केली आणि दोहामार्गे जाणारे असंख्य लोक मध्येच अडकले. अशा वेळी भरपाई मागण्यात अर्थ नाही. तरीही तिकिटाचा रिफंड किंवा दुसरं विमान हा हक्क जात नाही.

धुक्यामुळे उशीर झालेल्या एका विमानाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. 2011 च्या त्या निकालात कोर्टाने म्हटलं की हवामानामुळे झालेल्या उशिराची भरपाई कंपनीकडून मागता येणार नाही, पण अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय पाहण्याचं कर्तव्य कंपनीवर राहतं.

अडचण अशी की कंपन्या बहुतेक वेळा 'ऑपरेशनल रीझन' एवढाच शब्द सांगतात. त्या शब्दात सगळं बसतं. वैमानिक कमी पडले, विमान दुरुस्तीला गेलं, प्रवासी कमी होते म्हणून दोन उड्डाणं एकत्र केली, सगळं. म्हणून रद्द होण्याचं कारण काउंटरवर लेखी किंवा ईमेलवर मागा. एकदा कारण लेखी आलं की नंतर ते बदलता येत नाही.

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, 5 डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते आणि कंपनीची तयारी नव्हती. हे नियम आधीपासून माहीत होते, त्यामुळे 'आवाक्याबाहेर' म्हणायला जागा उरली नाही. 3 ते 5 डिसेंबरला जास्त त्रास झालेल्या प्रवाशांना कंपनीने नियमातल्या भरपाईशिवाय 10,000 रुपयांची व्हाउचर जाहीर केली. डीजीसीएने नंतर 22.20 कोटी रुपयांचा दंडही केला. तो दंड सरकारजमा होतो, प्रवाशाला त्यातून काही मिळत नाही.

व्हाउचरबद्दल एक लक्षात ठेवा. नियमातली भरपाई रोख किंवा बँकेत द्यायची असते. प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच व्हाउचर देता येतं. रिफंडचंही तसंच, पैसे कंपनीकडेच 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवायचे की नाही हे प्रवासी ठरवतो. वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्या कुटुंबाला व्हाउचरचा काय उपयोग? सही करण्याआधी कागद वाचा, इंग्रजी जमत नसेल तर कुणाला फोन करून वाचून घ्या.

उशीर झाला तर

देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड द्यायला हवा. रात्री 8 ते पहाटे 3 च्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त, किंवा इतर वेळी 24 तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेल आणि तिथपर्यंतची ने-आण कंपनीकडून मिळते. आखाताकडे जाणारी बरीच विमानं रात्रीचीच असतात, त्यामुळे हा नियम आपल्या कामाचा आहे.

तिकीट पक्कं असून, वेळेत पोहोचूनही जागा नाही म्हणून बसू दिलं नाही तर भरपाई आणखी मोठी आहे. एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर काही नाही. 24 तासांच्या आत दिलं तर एका बाजूच्या मूळ भाडं-इंधन शुल्काच्या दुप्पट, जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, जास्तीत जास्त 20,000.

परदेशी कंपनी, परतीचा प्रवास

परदेशी कंपनीच्या विमानाने जात असाल तर भरपाई त्यांच्या देशाच्या नियमांनी मिळू शकते. सौदी अरेबियाच्या नागरी विमान प्राधिकरणाने (गाका) प्रवासी हक्कांचे नवे नियम नोव्हेंबर 2023 पासून लागू केले. रद्द होणं, बसू न देणं अशा प्रकारांत भरपाई तिकिटाच्या किमतीच्या दीडपट ते दुपटीपर्यंत जाते. जेद्दाह किंवा मदीनाहून परतताना त्रास झाला तर तिथेच तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यावा.

कोकणातल्या बऱ्याच घरांतली माणसं इंग्लंडमध्ये आहेत. तिथून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला ब्रिटनचे नियम लागू होतात, आणि मुंबईसारख्या लांबच्या प्रवासाला 520 पौंडांपर्यंत भरपाई आहे. तिकडे आणि युरोपात विमानातल्या नेहमीच्या तांत्रिक बिघाडाला सहसा 'असाधारण परिस्थिती' मानत नाहीत. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची उड्डाणं मात्र कमिटी स्वतः ठरवते, त्यामुळे त्यांनी आधी कमिटीकडेच जावं.

कंपनीच बंद पडली तर वरचं सगळं कागदावर राहतं. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली, तेव्हा तिकीट घेतलेल्यांना दिवाळखोरीच्या प्रक्रियेत देणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. कार्डने पैसे भरलेल्यांना बँकेकडे दाद मागायची एक वाट तरी होती, एजंटला रोख दिलेल्यांना तीही नव्हती.

तक्रार कुठे

आधी कंपनीकडे, ईमेलवर. प्रत्येक कंपनीला नोडल अधिकारी आणि त्याच्या वर अपील अधिकारी नेमावा लागतो, त्यांची माहिती वेबसाइटवर असते. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा अॅपवर किंवा पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही विमान कंपनीचीच असते, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. "एजंटला विचारा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. हॉटेल, टॅक्सी, वाया गेलेलं बुकिंग, मनस्ताप अशा नियमावलीत न बसणाऱ्या नुकसानीची मागणी इथे करता येते, म्हणून त्या रात्रीच्या साध्या चहा-नाश्त्याच्या पावत्याही जपून ठेवा. बोर्डवरच्या 'कॅन्सल्ड'चा वेळेसह फोटो, एसएमएसचा स्क्रीनशॉट आणि पीएनआर असला की निम्मं काम होतं.

कंपनीला पाठवायचा अर्ज लांबलचक लागत नाही. एवढं पुरे: "माझा पीएनआर अमुक, उड्डाण अमुक, तारीख अमुक. हे उड्डाण रद्द झाल्याचं मला विमानतळावर अमुक वाजता कळलं. बुकिंगमध्ये माझा मोबाइल नंबर होता, त्यावर आधी कोणतीही सूचना आली नाही. डीजीसीएच्या नियमावलीप्रमाणे रिफंड आणि त्याशिवाय नुकसानभरपाई माझ्या बँक खात्यात जमा करावी. मला व्हाउचर मान्य नाही. रद्द होण्याचं कारण लेखी कळवावं." हेच इंग्रजीत लिहून द्यायला घरातला नववी-दहावीचा मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे.