गाऱ्हाणे आणि नवस

देव भक्ताचे ऐकतो, या श्रद्धेने त्याच्यापुढे मांडलेली अडचण म्हणजे गाऱ्हाणे. कोकणात ते देवळात मोठ्याने घातले जाते: गुरव किंवा मानकरी नारळ ठेवून घरादाराचे नाव घेतो, जमलेली मंडळी 'होय महाराजा' म्हणत साथ देतात. मागताना काही वाहण्याचे वचन दिले असेल तर तो नवस; मागणे पुरे झाले की तो फेडायचा. ही उतराई भक्त कधी विसरत नाही.

ही श्रद्धा संकटातही टिकते, हे दिवेआगरात दिसले. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनच्या शेजारी हे गाव आहे. तिथे 1997 मध्ये बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च 2012 मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो पळवला. सोने परत हाती लागले ते वितळवलेले! तरी भाविकांनी आस सोडली नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली.